योडावर दीड टीबी डेटा चढवताना झालेली माझी फरफट

नेदरलँड्समध्ये पीएचडी करतेय, चौथं वर्ष संपत आलंय, आणि अचानक मेल आला की मायक्रोस्कोपच्या खोलीतला पीसी महिनाअखेरीला फॉरमॅट होणार, ज्याचा डेटा त्याने हलवावा. माझा तिथे दीड टीबी पडलेला. बारा दिवस हातात.

आमच्याकडे असला डेटा योडावर ठेवतात. ही उत्रेक्त विद्यापीठात तयार झालेली सिस्टिम, आता इथली इतर विद्यापीठंही वापरतात, आणि आत सगळं आयरॉड्स या डेटा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतं. चालू काम रिसर्च फोल्डरमध्ये, झालं की मेटाडेटा, म्हणजे डेटाबद्दलची माहिती, भरून वॉल्टला (कायमच्या कोठाराला) पाठवायचं, वॉल्टमध्ये गेलेल्या फाईलीला मग आपण हात लावू शकत नाही. आयडिया झकास आहे हो, पण माल तिथवर न्यायचा कसा?

ब्राउझरमधून दीड टीबी ढकलण्याचा विचारसुद्धा केला नाही. पहिल्यांदा वेबडॅवने (वेबवरून फाईलींची ने-आण करायची पद्धत) नेटवर्क ड्राइव्ह जोडला, कारण तो आपल्या डी ड्राइव्हसारखा दिसतो ना, बरं वाटतं. इथेच चार वेळा पासवर्ड चुकला. विद्यापीठाचा पासवर्ड चालतच नाही, योडाच्या पोर्टलवर जाऊन वेगळा डेटा ॲक्सेस पासवर्ड बनवायचा असतो, तो एकदाच दिसतो आणि ठरावीक दिवसांनी संपतो. हे कळलं तेव्हा रात्रीचे अकरा. मग लक्षात आलं की विंडोजच्या वेबडॅवमध्ये फाईल खाली उतरवायला डिफॉल्ट मर्यादा सुमारे ५० एमबी आहे, रजिस्ट्रीत बदलली तरी ४ जीबीच्या पुढे जात नाही. माझी एकेक फाईल ६-७ जीबीची! म्हणजे चढवलेलं परत उतरवता येणार नाही, माळ्यावर टाकून शिडी काढून घेतल्यासारखं.

मग सायबरडक नावाचं फाईली पाठवायचं सॉफ्टवेअर टाकलं. तो स्वतःच वेबडॅव बोलतो, विंडोजच्या ड्राइव्हच्या भानगडीत पडत नाही, त्यामुळे ही मर्यादा गेली. पाच-दहा फाईली टाकायच्या असतील तर अजूनही मी तेच सांगेन. पण माझ्याकडे मोठ्या फाईलींसोबत हजारो चिल्लर फाईली होत्या, त्या एकेक करत मुंगीच्या पावलाने जायला लागल्या आणि पहाटे लॅपटॉप झोपी गेला.

मग म्हटलं आता खरंखुरं, आयकमांड्स, म्हणजे आयरॉड्सशी थेट बोलणाऱ्या टाइप करायच्या कमांड्स. लिनक्सवरच चालतात, म्हणून विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स) टाकलं, कॉन्फिग फाईल भरली, आयइनिटने लॉगिन केलं, २ एमबीची टेस्ट फाईल आयपुट या चढवायच्या कमांडने टाकली, क्षणात गेली. मी खूश, चहा केला, अख्खा फोल्डर लावला. चहा संपला तरी पहिली मोठी फाईल जागची हलेना. एरर नाही, काही नाही, नुसती बसून.

शेजारच्या लॅबमध्ये सोलापूरचा एक पोस्टडॉक आहे, दादाच म्हणते मी त्याला. त्याने एका मिनिटात सांगितलं, "अगं, ३२ एमबीपर्यंतची फाईल १२४७ पोर्टवरूनच, म्हणजे सर्व्हरच्या एकाच दारातून, जाते, तुझी टेस्ट फाईल म्हणून गेली. त्यापेक्षा मोठी झाली की सर्व्हर समांतर जोडण्या उघडतो, त्या सहसा २०००० ते २०१९९ या पोर्टांवर, आणि तुझ्या घरच्या नाहीतर इथल्या कुठल्यातरी फायरवॉलने ते बंद केलेत." आयपुटला मायनस एन झिरो दिलं की सगळं एकाच जोडणीतून जातं. दिलं, आणि खरंच हलायला लागलं, पण हळू. तेव्हापासून कुणी "टेस्ट फाईल गेली" म्हटलं की मी आधी विचारते केवढी होती.

शेवटी काम झालं आयब्रिजेस या आयरॉड्ससाठीच्या सॉफ्टवेअरने. हेही उत्रेक्तचंच, पायथनमधलं, विंडोज-मॅक-लिनक्स तिन्हीवर चालतं, खिडकीवालं हवं तर तेही आहे. १२४७ वरूनच सगळं नेतं, त्यामुळे ती पोर्टांची कटकटच नाही. सिंकला आधी ड्राय रन लावता येतो, म्हणजे काय काय जाणार ते नुसतं दाखवतो, आणि मध्ये तुटलं तर परत लावायचं, जे पोचलंय ते सोडून पुढे जातो. थेट मायक्रोस्कोपच्या पीसीवरच लावलं, तीन रात्री चालला, दोनदा तुटला.

आता गंमत ऐका. पीसी पुसायच्या आधी खात्री म्हणून माझ्याकडच्या फाईलींचे शा-२५६ चेकसम (फाईलीच्या मजकुरावरून निघणारा, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) काढले आणि आयरॉड्सकडचे बघितले, तर एकही जुळेना!! पोटात गोळा आला. पुन्हा दादाकडे. तो हसायलाच लागला. आकडा तोच असतो, फक्त लिहायची पद्धत वेगळी: आयरॉड्स तो बेस-६४ मध्ये लिहितो आणि पुढे शा-२ लावतो, माझ्या लिनक्सच्या कमांडने हेक्समध्ये दिलेला. चार ओळींची स्क्रिप्ट लिहून एकाचं दुसऱ्यात केलं आणि सगळे जुळले, तीन सोडून. त्या तिन्ही मायक्रोस्कोपच्या लॉग फाईली निघाल्या, सॉफ्टवेअर उघडंच राहिलेलं आणि ते त्यात लिहीतच होतं. ते बंद केलं, तीन फाईली परत टाकल्या, आणि टेक्निशियनला मेल केला की पुसा आता.