पाठीवरचं ओझं आणि पाठीमागची गाडी

धनगराच्या वाड्यावर जन्मलेलं शिंगरू ओझ्याला बुजत नाही. आईच्या पाठीवर पाल, भांडीकुंडी, कोंबड्या, कधी चालता न येणारी कोकरं लादलेली ते पहिल्या दिवसापासून बघतं. आमची काजळ अशाच एका वाड्यावरून आली. भीमथडी जातीची, ठेंगणी, काटक. समोरचे दुधाचे दोन दात पडून पक्के दात येत होते, म्हणजे वय अडीच-तीनच्या घरात. शेतातून गोठ्यापर्यंत वैरण आणि डेअरीपर्यंत दुधाचे कॅन, एवढ्या कामासाठी मी रबरी चाकांची छोटी गाडी करून घेतली होती. घोडी शांत आहे, लगेच जुपली जाईल, असं ज्यानं-त्यानं सांगितलं. उभी हयात टांगा हाकलेले आमचे तात्या तेवढे गप्प होते. शेवटी म्हणाले, "पाठीवरचं वझं तिला ठावं हाय. मागनं येणारं कुठं ठावं हाय?"

पुढचं सगळं शिक्षण म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर होतं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. दिसत नाही ते नेमकं शेपटीच्या मागचं आणि कपाळाच्या अगदी पुढचं. गाडी असते त्याच मागच्या आंधळ्या पट्ट्यात. खडखडणारं काहीतरी मागं लागलंय आणि आपण पळालो की तेही पळतंय, हे घोड्याच्या जातीला जिवावरचं वाटणारच. ओढायचं कसं हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. मागचं ते आपला पाठलाग करत नाही, हे पटवावं लागतं.

म्हणून सुरुवातीला गाडी शेडमध्येच राहिली. रोज सकाळी खरारा, चारही पाय उचलून खूर साफ करणं, मग मऊ दोर पोटाखालून, मांड्यांवरून, मागच्या पायांवरून फिरवत राहणं. दोर लागला की ती शेपूट दाबून घ्यायची. ती सैल सोडेपर्यंत दोर हलवायचा नाही, एवढंच पथ्य. त्यानंतर मोरकीला, म्हणजे तोंडावर बांधलेल्या दोरीला, दोन लांब कासरे बांधून मी मागून चालायचो आणि तात्या पुढून. "चल", "हो", "फिर" हे तीन शब्द इथंच पक्के झाले. त्यातही "हो"वर तात्यांचा सगळा भर. थांबली की लगेच पुढं काढायची नाही, कंटाळेपर्यंत उभी ठेवायची. चालणारी घोडी कुणीही दाखवेल, उभी राहणारी दाखवा, असं ते सगळ्यांसमोर म्हणायचे.

लगाम नंतर आला, तोही गुळगुळीत लोखंडाचा. बाजारात काटेरी लगाम सर्रास मिळतो आणि "तरणी घोडी आहे, हाच घ्या" म्हणून वर सल्लाही मिळतो. ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्राचे 1965 चे नियम आहेत. त्यात काटे किंवा गाठी असलेला लगाम आणि साज वापरायला मनाई आहे. आणि नियम नसता तरी, तोंड सोलवटलेली घोडी "हो" ऐकून थांबते की दुखतंय म्हणून थांबते, हे हाकणाऱ्याला कसं कळणार?

सगळ्यात मजा आली ती टायरची. जुना मोटारसायकलचा टायर दोरीला बांधून तात्या काजळच्या पुढून ओढत निघाले आणि मी तिला त्यामागून चालवली. आधी ती लांबून फुरफुरली. मग टायर आपल्यापासून पळतोय हे बघून कान टवकारून त्याच्या मागं लागली, हुंगायलाच गेली. काही दिवसांनी टायर बाजूने, मग उलट्या बाजूने, आणि शेवटी मागून. मागून आला तेव्हा तिनं एक कान फक्त तिकडं वळवला. त्यात पत्र्याचा डबा बांधून आवाज वाढवला, तो मात्र तिला बरेच दिवस आवडला नाही. आम्हीही घाई केली नाही.

गाडीच्या दांड्यांआधी दोन बांबू. दांड्यांत घोड्याला अंग वाकवून वळता येत नाही, पाय आडवे टाकत सरकावं लागतं, आणि वळताना बाहेरचा दांडा खांद्याला दाबतो. हे बांबूंवर शिकलेलं बरं. साजात छातीपट्टा खांद्याच्या हाडाच्या वर आणि श्वासनळीच्या खाली बसला पाहिजे. खाली गेला तर पाय अडतो, वर गेला तर श्वास कोंडतो.

रिकामी गाडी जुपली तेव्हा तात्या मोरकी धरून डोक्याशी होते, मी कासऱ्यावर. आधी दांडे, मग जोत्या, म्हणजे छातीपट्ट्यापासून गाडीला जाणाऱ्या ओढायच्या वाद्या, शेवटी पुठ्ठ्यावरचा, म्हणजे मांड्यांच्या मागून जाणारा, गाडी रोखणारा पट्टा; सोडताना बरोबर उलटं, आणि गाडी पूर्ण सुटेपर्यंत लगाम काढायचा नाही. तो पुठ्ठ्याचा पट्टा लोक फॅशन समजून काढून टाकतात. कालव्याच्या भरावावरून उतरताना गाडी मागच्या पायांवर आली की सगळ्यात गरीब घोडीही दुगाण्या झाडते. वजनही तोलून ठेवायचं: पुढं झालं तर दांडे पाठीवर बसतात, मागं झालं तर पोटाखालचा तंग वर ओढला जातो. दांडे बोटांवर उचलता आले की तोल बरोबर.

ढापणांवरून, म्हणजे डोळ्यांच्या बाजूला लावायच्या झापडांवरून, आमचं जमलं नाही. तात्यांच्या मते टांग्याची घोडी ढापणांशिवाय नसतेच. मी पूर्ण शिक्षण उघड्या डोळ्यांनी करून घेतलं, कारण मागचं चाक तिनं वळून बघितलेलं मला हवं होतं. मोठ्या रस्त्यावर आता आम्ही ढापणं लावतो, तेवढ्यावर तह झाला. खरी परीक्षा ऊसतोडीच्या हंगामात झाली. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, त्यावर फुल्ल आवाजात गाणी. मी गाडी कडेला घेतली, "हो" म्हणालो. अंगाला थरथर सुटली, पण पाय जागचे हलले नाहीत. ट्रॅक्टरवाल्यानं वर हॉर्न वाजवला, तो वाजवणारच.

हाडं पक्की व्हायला घोड्याला पाच-सहा वर्षं लागतात. नियमाप्रमाणे रबरी टायरच्या दोन चाकी गाडीत तट्टाला 600 किलोपर्यंत ओझं चालतं. आमच्या गाडीत त्याच्या चौथाईपेक्षा जास्त मी पडू देत नाही. पारा 37 अंशांवर गेला की दुपारी 12 ते 3 जुपायला तसंही बंदी आहे, आणि आमच्याकडे मार्चपासूनच ती वेळ येते. कामाहून आली की आधी सावली, अंग निवू देणं, पट्ट्यांखाली हात फिरवून कुठं सोललंय का बघणं, दाणा त्यानंतर.

गावातली पोरं आता तिला शर्यतीच्या छकड्याला मागायला येतात, एका बाजूला बैल आणि एका बाजूला ही. तात्या त्यांना बसवून चहा देतात आणि काजळचं तोंड उघडून अजून किती दात यायचेत ते दाखवतात.