भयपटांची वही: नवव्या रात्रीला गाडी अडकली

यंदाचा नेम साधा होता. ऑक्टोबरच्या ३१ रात्री, ३१ भयपट, एकही दुसऱ्यांदा बघायचा नाही, आणि हॅलोविनला वही बंद. नवव्या रात्री नेम मोडला. आकड्याची गंमत म्हणून 'सेशन ९' लावला आणि तीन दिवसांत तीनदा पाहिला.

आधीच्या आठ रात्रींबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. दार करकरतं, मांजर उडी मारतं, मागून ढॅण्ण. आठव्या रात्री तर ढॅण्ण कधी येणार हे आधीच कळून मी आवाज कमी करत होतो.

पहिल्या खेपेला 'सेशन ९' सुद्धा माझ्यावर फुकट गेला. लॅपटॉपचा स्पीकर, हातात फोन. वहीतली त्या रात्रीची नोंद जशीच्या तशी: "संथ. माणसं नुसती कुरकुरतात. ५/१०." ती आता खोडली आहे, पण वाचता येईल इतपत.

ब्रॅड अँडरसनचा हा चित्रपट २००१ चा. 'द मशिनिस्ट' करायच्या तीन वर्षं आधीचा. गोष्ट अशी: अ‍ॅस्बेस्टॉस (जुन्या इमारतींत वापरलेला, श्वासातून गेला तर घातक ठरणारा तंतुमय पदार्थ) काढणारी पाच जणांची टोळी एका बंद पडलेल्या मनोरुग्णालयात कामाला येते. मालक गॉर्डन (पीटर मलन). घरी तान्हं मूल, धंदा बुडायला आलेला. काम हातचं जाऊ नये म्हणून तो आठवड्यात संपवून देतो असं बोलून बसतो. ते तेवढ्यात होणार नाही, हे टोळीतल्या प्रत्येकाला ठाऊक. भुताखेताचा विषय निघायच्या आधीच माझ्या पोटात गोळा आला, तो या मुदतीनं. दमलेली, एकमेकांवर खार खाऊन असलेली माणसं दिवसभर मास्क लावून भिंती खरवडतात. इथली भीती अशी उन्हातच सुरू होते.

जागा सेटवर उभारलेली नाही. मॅसॅच्युसेट्समधलं डॅनव्हर्स स्टेट हॉस्पिटल. १८७८ ला सुरू झालं, १९९२ ला बंद पडलं. कर्कब्राइड पद्धतीची इमारत: मधे मुख्य भाग आणि दोन्हीकडे पायरीपायरीनं मागे सरकत जाणाऱ्या विंगा. प्रत्येक खोलीला हवा-उजेड मिळावा हा हेतू, पण वरून पाहिलं तर पंख पसरलेलं वटवाघूळ. आणि डॅनव्हर्स म्हणजेच जुनं सेलम व्हिलेज. १६९२ चं, चेटकीण ठरवून लोकांना फाशी देण्याचं प्रकरण पेटलं ते इथेच. चित्रपट या इतिहासाचा बाऊ करत नाही, हे मला फार आवडलं. पुढे बरीचशी इमारत पाडून तिथे अपार्टमेंट झाली, दर्शनी भाग तेवढा ठेवला. त्यामुळे आता ते सोललेल्या रंगाचे कॉरिडॉर बघायचे तर या चित्रपटातच.

दुसरी खेप: हेडफोन, अंधार, फोन दुसऱ्या खोलीत. वेगळाच चित्रपट निघाला हो!

टोळीतल्या माइकला तळघरात जुन्या टेप सापडतात. मेरी हॉब्स नावाच्या रुग्णाबरोबरची डॉक्टरची नऊ सत्रं. तो काम टाकून एकेक टेप ऐकायला लागतो. पडद्यावर काय दिसतं? रीळ फिरतंय आणि एक माणूस ऐकतोय, बस. मेरीच्या तोंडून वेगवेगळे आवाज बोलतात. प्रिन्सेस जिभेत राहते, कारण ती सारखी बोलत असते. बिली डोळ्यांत राहतो, कारण तो सगळं बघतो. सायमन कुठे राहतो, ते नवव्या टेपवर. मधेच टेपचा आवाज तसाच चालू राहतो आणि चित्र दुसऱ्या विंगेत, दुसऱ्याच माणसावर जातं. हेडफोनमध्ये तो आवाज कुणाशी बोलतोय हेच कळेनासं होतं. स्पीकरवर मी हे सगळं घालवलं होतं.

अंधाराला घाबरणाऱ्या जेफचा भुयारातला सीन मात्र कशावरही चालेल. जनरेटर बंद पडतो, मागचे दिवे एकेक करून विझत येतात आणि पोरगं पुढच्या उजेडाकडे धावत सुटतं. बास. पाठलाग करणारं कुणीही नाही.

चित्र थोडं सपाट, व्हिडिओसारखं वाटेल. तेव्हा नव्याच असलेल्या सोनीच्या २४पी (सेकंदाला २४ फ्रेम टिपणाऱ्या) एचडी व्हिडिओ कॅमेऱ्यावर शूट केलंय. पहिल्यांदा मला ते स्वस्त वाटलं. दुसऱ्यांदा असं वाटलं, की कुणीतरी साइटवरच्या कामाचं रेकॉर्डिंग करून ठेवलंय आणि आपण ते बघायला नको होतं.

खोड काढायचीच तर शेवटाची. जे आपण जुळवलंच असतं ते भराभर कापलेल्या तुकड्यांत दाखवून टाकतात. इमारतीत राहणाऱ्या एका बेघर बाईचं उपकथानक एडिटिंगमध्ये काढलं, ते डीव्हीडीवर आहे. बघितलं. काढलं तेच बरं. टोळीतल्या फिलचं काम करणाऱ्या डेव्हिड करुझोचा तो शिवीचा सीन नेटवर सुटा बघून हसला असाल, तर इथे त्याच्या जागी बघा. मला हसू आलं नाही.

तिसरी खेप भर दुपारी, पडदे न ओढता. गॉर्डन बायकोला फोन करतो तेवढेच सीन परत परत पाहिले. का ते सांगत नाही. तुम्हीही आधी एकदा सरळ बघा आणि मग त्या फोनांकडे या.

नोंद: ९/१०. वही दोन रात्री मागे पडली आहे. शनिवारी दोन आणि रविवारी दोन बघून भरून काढेन, तेही हेडफोन लावूनच.