नजर तयार होताना: अनवट खेळांविषयी

ज्या खेळाचे नियम आपल्याला ठाऊक नाहीत, ज्यातला एकही खेळाडू ओळखीचा नाही आणि ज्यात कोणी जिंकले काय नि हरले काय, आपले काहीच बिघडत नाही, असा खेळ तासन्‌तास बघत बसण्यात कोणता आनंद आहे, असे मला अनेकदा विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, जे खेळ आपण लहानपणापासून बघत आलो, ते बघायला आपण कधी आणि कसे शिकलो हे आपल्याला आठवत नाही. चेंडू कुठे पडला म्हणजे धोका, कोण कुठे उभा राहिला म्हणजे काय शिजते आहे, हे सारे नकळत अंगात मुरलेले असते. अनोळखी खेळ मात्र आपल्याला कोऱ्या पाटीनिशी समोर बसवतो आणि आपली नजर तयार होण्याची ती सगळी प्रक्रिया या वेळी आपल्या डोळ्यांदेखत, पूर्ण जाणिवेत घडते. सुरुवातीला नुसती धावपळ दिसते, मग तिच्यातले हेतू दिसू लागतात, आणि शेवटी कौशल्य दिसू लागते. या आनंदाला दुसऱ्या कशाची सर नाही.

कर्लिंगचे उदाहरण घेऊ, कारण नजरेतला हा बदल इतक्या स्पष्टपणे मी दुसऱ्या कोणत्याही खेळात अनुभवलेला नाही. बर्फाच्या लांबलचक पट्टीवर एक खेळाडू ग्रॅनाइटचा साधारण १७ ते २० किलो वजनाचा दगड हलकेच सरकवून सोडतो, दोघे जण त्या दगडाच्या पुढे ब्रशने जिवाच्या आकांताने बर्फ घासत जातात आणि पलीकडच्या टोकाला उभा असलेला चौथा मोठमोठ्याने ओरडून सूचना देतो. नवख्याला दिसते ते एवढेच. घासण्याने काय साधते हे कळायला आधी तो बर्फ कसा असतो हे कळावे लागते. सामन्यापूर्वी गोठलेल्या पृष्ठभागावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडले जातात, ते गोठून इवल्या इवल्या पुटकुळ्या तयार होतात, आणि दगडाच्या तळाचा एक अरुंद कंगोराच काय तो या पुटकुळ्यांना टेकून सरकत असतो. ब्रशने घासल्यावर बर्फाचे तापमान किंचित वाढते, घर्षण कमी होते, दगडाचा वेग कमी घटतो आणि त्याचा मार्गही जास्त वेळ सरळ राहतो. म्हणजे एकदा हातून सुटलेल्या दगडाला कोणालाही स्पर्श करता येत नाही, पण त्याच्या पायाखालची वाट बदलता येते. आणखी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. गुळगुळीत टेबलावर उपडा पेला गिरकी देऊन सरकवला, तर तो गिरकीच्या उलट दिशेला वळतो. कर्लिंगचा दगड मात्र गिरकीच्याच दिशेला वळतो. असे का घडते, याबद्दल भौतिकशास्त्रज्ञांचे आजही एकमत झालेले नाही. ज्या वळणाचे कारण शास्त्राला अजून पक्के सांगता येत नाही, त्याच वळणाचा अंदाज खेळाडू काही सेंटिमीटरच्या फरकाने बांधत असतात!

हे दगड ज्या ग्रॅनाइटपासून बनतात, त्यातले उत्तम ग्रॅनाइट स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या आइल्सा क्रेग या निर्मनुष्य बेटावरून येते. तिथला एक प्रकार पाणी जवळजवळ शोषूनच घेत नाही, त्यामुळे गोठण्या-वितळण्याच्या चक्रात त्याचा पृष्ठभाग फुटत नाही. पण दगडांची ही कुळकथा ठाऊक नसली तरी अडत नाही. खरी मेख डावपेचांत आहे. प्रत्येक डावात दोन्ही संघ पलीकडच्या टोकाला आखलेल्या वर्तुळांच्या मध्याकडे आठ-आठ दगड सोडतात आणि सर्वांत शेवटचा दगड ज्याच्या हाती, त्याचे पारडे साहजिकच जड असते. ज्याने गुण मिळवला, त्याला पुढच्या डावात हा शेवटचा दगड प्रतिस्पर्ध्याला द्यावा लागतो. त्यामुळे चौघांच्या सामन्यात एकच गुण पदरात पडणार असे दिसले, की अनेकदा संघ तो गुण मुद्दाम सोडून देतो, आपला शेवटचा दगड वर्तुळांतून आरपार घालवतो आणि डाव कोरा ठेवून शेवटच्या दगडाचा हक्क राखतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही ढोबळ चूक वाटेल. ती चूक नव्हती, ते शहाणपण होते, हे ज्या क्षणी ध्यानात येते, त्या क्षणापासून आपण या खेळाचे प्रेक्षक झालेलो असतो. शिवाय मोठ्या स्पर्धांच्या प्रक्षेपणात खेळाडूंच्या अंगावर मायक्रोफोन असतात, त्यामुळे त्यांची सगळी खलबते आपल्याला ऐकू येतात. इतक्या उघडपणे विचार करणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

अनोळखी खेळाचा दुसरा गुण असा, की त्यात आपला म्हणून कोणी नसतो. आपला संघ खेळत असतो तेव्हा आपण खेळ फार थोडा बघतो आणि धावफलकच जास्त बघतो. प्रतिस्पर्ध्याने केलेली सुंदर गोष्ट आपल्याला सुंदर दिसतच नाही, ती नुसती टोचते. पक्ष घेण्याचे ओझे उतरले की डोळे मोकळे होतात. गंमत म्हणजे हे ओझे फार काळ उतरलेले राहत नाही, कारण तासाभरात आपण कोणाच्या ना कोणाच्या बाजूने झुकलेलो असतो. पण ती बाजू आपण स्वतः, खेळ बघून निवडलेली असते.

चालण्याच्या शर्यतीचा मी भोक्ता झालो तो असाच. हा ऑलिंपिकमधला जुना प्रकार असूनही त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा थट्टाच येते. नियम दोनच आहेत, पण ते शरीराची परीक्षा बघणारे आहेत. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटलेले नुसत्या डोळ्यांना दिसता कामा नयेत, आणि पुढे टाकलेला पाय जमिनीला टेकल्यापासून शरीराखाली उभ्या रेषेत येईपर्यंत गुडघ्यात वाकता कामा नये. यातला ‘नुसत्या डोळ्यांना’ हा भाग फार महत्त्वाचा आहे. वेगवान कॅमेऱ्यात बघितले तर उत्तम चालणाऱ्यांचेही दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात, पण नियम माणसाच्या नजरेपुरता आहे आणि मार्गावर उभे असलेले पंच कोणत्याही यंत्राच्या मदतीशिवाय निर्णय देतात. म्हणून प्रत्येक स्पर्धक धावणे जिथे सुरू होते त्या सीमेच्या अगदी काठावरून चालत असतो, आणि थकवा वाढत जातो तसा तो काठ अरुंद होत जातो. पंचाने पिवळी पाटी दाखवली म्हणजे ताकीद. त्यापुढे लाल कार्डे साचू लागली की दंड होतो किंवा थेट बाद व्हावे लागते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये इक्वेडोरच्या ब्रायन पिंतादोने २० किलोमीटरचे अंतर १ तास १८ मिनिटे ५५ सेकंदांत चालून सुवर्णपदक मिळवले. म्हणजे ताशी १५ किलोमीटरहून अधिक वेग झाला. त्या वेगाने एखादा किलोमीटर पळणेही बहुतेकांना जमणार नाही. आणि इक्वेडोरला ऑलिंपिकमधले अगदी पहिले पदक मिळवून दिले, तेही चालणाऱ्यानेच. १९९६ साली अटलांटात जेफरसन पेरेझने याच अंतराच्या शर्यतीत सुवर्ण जिंकले होते. जगाच्या दृष्टीने कोपऱ्यात पडलेला खेळ एखाद्या देशात अभिमानाचा विषय असतो, हे लक्षात ठेवले म्हणजे थट्टा आपोआप थांबते.

माझ्या मते सर्वांत विचार करायला लावणारी रचना ‘बॅकयार्ड अल्ट्रा’ या लांब पल्ल्याच्या धावण्याच्या प्रकाराची आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात गॅरी कँट्रेल यांनी ती कल्पिली. सुमारे ६.७ किलोमीटरची एक फेरी असते आणि ती तासाभरात पूर्ण करायची असते. लवकर आलात तर उरलेली मिनिटे तुमची. त्यात खा, पाय चेपा, डोळे मिटा. तास भरला की घंटा होते आणि सगळे पुन्हा रेषेवर उभे राहतात. पहिली फेरी कोणीही तंदुरुस्त माणूस करू शकेल, आणि नेमके तेच या रचनेचे बळ आहे, कारण शर्यतीला अंतिम रेषाच नाही. एक सोडून बाकी सगळे गळेपर्यंत ती चालू राहते. चोवीस फेऱ्या झाल्या की बरोबर शंभर मैल होतात, आणि चुरशीच्या स्पर्धांत तो निव्वळ पहिला टप्पा असतो. २०२३ मध्ये टेनेसीतल्याच स्पर्धेत हार्वी लुईसने १०८ फेऱ्या पूर्ण केल्या, म्हणजे साडेचार दिवसांत सुमारे ७२४ किलोमीटर. त्याच्यासोबत १०७ फेऱ्यांपर्यंत टिकून राहिला इहोर व्हेरिस. नियम असा आहे की, दुसरा थांबल्यावर विजेत्याने एकच फेरी एकट्याने पुरी करायची आणि मग शर्यत संपते. म्हणजे लुईसला १०८ पर्यंत जाता आले ते व्हेरिस १०७ पर्यंत गेला म्हणून. इथे प्रतिस्पर्धी जितका चिवट, तितका आपला विक्रम मोठा. अधिकृत निकालात मात्र शर्यत पूर्ण केल्याचा मान एकट्या विजेत्याला मिळतो. ही व्यवस्था निर्दय आहे हे मला मान्य आहे, पण स्पर्धक एकमेकांना ‘आणखी एक फेरी’ म्हणून ज्या आपुलकीने उठवतात, ती याच निर्दय नियमातून उगवलेली आहे.

मेंढपाळ कुत्र्यांच्या स्पर्धांविषयी लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. वेल्समधल्या बाला येथे १८७३ साली अशी स्पर्धा झाल्याची नोंद आहे, आणि तेव्हापासून हा प्रकार गंभीरपणे खेळला जात आहे. मालक एका खांबाशी उभा राहतो. कुत्रा शेकडो मीटर लांब, मोठे वळण घेत, मेंढ्यांना बुजू न देता त्यांच्या मागे पोहोचतो. मग येतो तो क्षण, ज्यासाठी मी सगळे सोडून बघत बसतो. मेंढ्यांनी मान वर केलेली असते, कुत्रा पोट जमिनीला टेकवून थांबलेला असतो आणि दोघांची नजरानजर झालेली असते. कुत्रा एक पाऊल पुढे टाकतो. ते पाऊल घाईचे असेल तर कळप उधळतो, बिचकते असेल तर मेंढ्या जागच्या हलत नाहीत, आणि नेमके असेल तर सगळा कळप शांतपणे चालू लागतो. पुढे दरवाज्यांतून सरळ रेषेत आणणे, कळपातून ठरावीक मेंढ्या वेगळ्या काढणे, शेवटी कुंपणात घालणे, या सगळ्यांचे गुण वेगवेगळे मोजले जातात. कुत्र्याला डावी-उजवी दिशा शिट्टीच्या स्वरांवरून कळते. अर्धाएक तास बघितले की त्या शिट्ट्यांमधला फरक आपल्यालाही कळू लागतो.

अशा खेळांच्या चित्रफितींचे तुकडे हल्ली सर्वत्र फिरत असतात आणि त्यांचा सूर बहुधा ‘बघा, लोक काय काय करतात’ असा असतो. मला तो सूर रुचत नाही. वेल्समधल्याच लानुर्टिड वेल्स या छोट्या गावात १९८० पासून माणूस आणि घोडा यांची डोंगराळ वाटांवरून सुमारे ३५ किलोमीटरची शर्यत होते. तिचा उगम तिथल्या एका पबमधल्या वादात आहे, आणि तेवढे सांगून हसता येईल. पण वाद खरोखर अभ्यासण्याजोगा होता. सपाटीवर घोड्यापुढे माणसाचा टिकाव लागत नाही, मात्र खडकाळ उतारावर घोड्याला जपून पाय टाकावा लागतो आणि उन्हात अंग थंड राखण्याची माणसाची क्षमता फार मोठी आहे. माणूस जिंकेपर्यंत दर वर्षी बक्षिसात हजार पौंडांची भर पडत गेली आणि २००४ साली ह्यू लॉबने पहिल्यांदा घोड्यांना मागे टाकले, तेव्हा ती रक्कम २५ हजार पौंड झाली होती. पंचवीस वर्षे एका प्रश्नाचा पिच्छा पुरवणाऱ्या लोकांविषयी मला आदरच वाटतो.

याचा अर्थ प्रत्येक विचित्र खेळ माझ्या लेखी सारखाच मोलाचा आहे असे नाही. काही प्रकार छायाचित्रापुरतेच असतात. पहिल्यांदा बघून मजा येते, पण दुसऱ्यांदा बघताना नजरेला पुढे जायला वाट सापडत नाही. दोन असंबद्ध गोष्टी एकत्र आणल्या की खेळ होतोच असे नाही. बुद्धिबळ आणि मुष्टियुद्ध यांचा मेळ घालणारे चेसबॉक्सिंग मात्र या कसोटीला उतरते. डच कलावंत इपे रुबिंग यांनी २००३ मध्ये ते प्रत्यक्ष रिंगणात आणले. आळीपाळीने अकरा फेऱ्या होतात आणि निकाल ठोशाने लागतो, शहमाताने लागतो किंवा घड्याळातली वेळ संपल्याने लागतो. ठोसे खाऊन आलेला, छाती धपापणारा माणूस हातमोजे काढून पटासमोर बसतो, तेव्हा तिथे प्रश्न उभा असतो तो शांत होण्याच्या कौशल्याचा. पटावर ज्याची बाजू पडती आहे, त्याला रिंगणात धोका पत्करून ठोसा शोधावा लागतो, आणि समोरच्याला हे ठाऊक असते. दोन खेळ एकमेकांत असे गुंतले की तिसरा खरा खेळ जन्माला येतो.

ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की निवडक क्षणांच्या फिती टाळाव्यात आणि एक सामना पहिल्यापासून अखेरपर्यंत बघावा, शक्य असेल तर तोच सामना नियम वाचून पुन्हा बघावा. जागतिक कर्लिंग संघटनेच्या यूट्यूब वाहिनीवर पूर्ण सामने मिळतात. माझे स्वतःचे सध्या सेपाक टकरॉ चालू आहे. थायलंड आणि मलेशियात लोकप्रिय असलेल्या या खेळात तिघातिघांचे संघ जाळीवरून चेंडू पायांनी आणि डोक्याने खेळतात, हात लावायचा नाही. हवेत उलटी गिरकी घेऊन, जाळीच्याही वरून चेंडू हाणणाऱ्या खेळाडूवर सुरुवातीला कोणाचीही नजर खिळते, तशी माझीही खिळली. आता मी त्याच्याआधी चेंडूला स्पर्श करणाऱ्या फीडरकडे बघतो. तो चेंडू किती उंच आणि जाळीपासून किती अंतरावर चढवतो, यावर ती गिरकी शक्य होणार की नाही हे ठरते, आणि चांगला फीडर शेवटच्या क्षणापर्यंत समोरच्यांना त्याचा पत्ता लागू देत नाही. सर्व्हिस करणाऱ्याच्या पायाची भाषा अजून मला नीट वाचता येत नाही. पुढचे काही सामने त्यासाठीच राखून ठेवले आहेत.