खिशात सहा चिंचोके

"क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावर हेल्मेट आहे. चेंडू त्यावर आदळून उडाला आणि दुसऱ्यानं जमिनीला टेकायच्या आत धरला. निर्णय?"

"नॉट आऊट," मी ठणकावून सांगितलं. पंचपरीक्षेच्या तोंडीत समोर बसलेले सर काही बोलले नाहीत, कागदावर कायतरी टिपलं आणि पुढचा प्रश्न विचारला. बाहेर आल्यावर सोबतच्या मुलानं सांगितलं, मॅडम, २०१७च्या नियमावलीपासून तो झेल बाद धरतात. मी ज्या झेरॉक्स नोट्स पाठ केल्या होत्या, त्या त्याआधीच्या होत्या. लेखीत सुटले, तोंडीत अडकले. पुण्याहून परभणीपर्यंत रात्रभर रेल्वेत तो एक झेल डोक्यातून जाईना.

मी मुळात स्कोअरर. भावाच्या टीममुळे वही हातात आली आणि लग्नानंतरही सुटली नाही. मंडपात बसायचं, कडेला लाऊडस्पीकरवर कॉमेंट्री चालू, आणि आपण ठिपके मांडत राहायचे. जानेवारी २०२३मध्ये अशाच एका स्पर्धेत दोन डावांच्या मधल्या वेळेत मोबाईलवर बातमी वाचली. १९३४पासून चालू असलेल्या रणजी करंडक स्पर्धेत पहिल्यांदाच बायका मैदानावर पंच म्हणून उभ्या राहिल्या होत्या : वृंदा राठी, एन. जननी आणि गायत्री वेणुगोपालन. राठी पर्वरीला गोवा-पुदुच्चेरी सामन्यात होत्या. बातमी छानच होती, पण मी अडकले ती एका तपशिलाशी. राठीही आधी स्कोअरर होत्या. २०१३च्या महिला विश्वचषकात मुंबईत गुणलेखन करताना त्यांना न्यूझीलंडच्या पंच कॅथी क्रॉस भेटल्या आणि तिथून त्यांची वाट वळली. मला कुणी कॅथी क्रॉस भेटणार नव्हत्या. आमच्याकडे पंचगिरी करून निवृत्त झालेले एक काका होते, त्यांना गाठलं.

सासूबाईंचा प्रश्न सरळ होता : "उन्हात उभं राहून काय मिळायलंय गं तुला?" तेव्हा उत्तर नव्हतं. अजूनही एका वाक्यात नाही.

नियम एकूण ४२. पाठांतराचं मला भय नव्हतं. यष्ट्यांची उंची २८ इंच, तिन्हींची मिळून रुंदी ९ इंच, खेळपट्टी २२ यार्ड, हे पोरगासुद्धा माझ्याकडून म्हणवून घ्यायचा. खरं घोडं अडलं ते पायचीतवर, म्हणजे स्टंपवर जाणारा चेंडू पायानं अडला तर बाद देण्यावर. आमच्या टेनिस बॉलच्या स्पर्धांत पायचीत धरतच नाहीत. म्हणजे इतकी वर्षं क्रिकेट बघूनही त्या एका निर्णयाबाबत मी कोरी होते. काकांनी मला मुलांच्या लेदर बॉलच्या सरावाला पंचाच्या जागी उभं केलं. रोज सकाळी दीड तास, नुसतं उभं राहायचं. गोलंदाजाचा पुढचा पाय रेषेवर बघायचा, नो बॉल नाही ना याची खात्री करायची आणि नजर वर उचलायची. पण नजर वर जाईपर्यंत टप्पा निसटलेला असायचा. तीन महिने निसटत राहिला. मग कधीतरी पाय डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायला लागला. कसं ते सांगता येत नाही, भाकरी कधी फिरवायची हे जसं सांगता येत नाही तसंच.

अपील झालं की मनात तीनच गोष्टी. टप्पा लेगच्या, म्हणजे फलंदाजाच्या पायांकडच्या स्टंपच्या, बाहेर होता का? फटका खेळताना चेंडू ऑफच्या, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या स्टंपच्या, बाहेर लागला का? आणि नाहीतर स्टंपवर गेला असता का? "बोटाला घाई नको," काका म्हणायचे. "एक-दोन-तीन म्हण, मग हात."

तिसऱ्या की चौथ्या सराव सामन्यात मी एकाला नाबाद दिलं. गोलंदाज म्हणाला, "मॅडम, का नाही?" मी लागले समजावायला : अरे बाळा, टप्पा बघ ना कुठं पडला... मिनिटभरात पाच जण भोवती, प्रत्येकाचं वेगळं मत. चहाच्या वेळी काका म्हणाले, "नाही म्हटलं की पुढचा चेंडू. खुलासा कशाला?" बोलणं लागलं मला. घरात आजवर माझं एकही 'नाही' कारणाशिवाय चाललेलं नाही. दळण आज का नाही आणलं, माहेरी का जायचं, सगळ्याला पुरावा. ती सवय मोडायला पायचीतपेक्षा जास्त दिवस लागले.

एक गोष्ट कुठल्याच पुस्तकात नव्हती. मैदानावर बायकांसाठी सोय नसते. मी पाणीच कमी प्यायचे. मे महिन्यात एकदा चक्कर येऊन बसले, तेव्हा हा शहाणपणा बंद केला. आता मैदान ठरलं की आधी शेजारच्या एखाद्या घरातल्या मावशींशी ओळख काढून ठेवते. नव्यानं येणाऱ्या पोरींना मी हे नियमांच्या आधी सांगते.

दुसऱ्या खेपेला तोंडी सुटली. हेल्मेट कुणी विचारलंच नाही, मला थोडं वाईटही वाटलं! प्रात्यक्षिकाच्या वेळी साहित्य दाखवा म्हणाले. चेंडू मोजायचा काउंटर काढताना खिशातून चिंचोके सांडले. षटकाचे सहा चेंडू मी चिंचोक्यांवरच मोजते, एकेक उजव्या खिशातून डाव्यात. परीक्षक हसले : "चेंडू बरोबर मोजले म्हणजे झालं." क्रिकेट बोर्डाची (बीसीसीआयची) परीक्षा अजून लांब आहे.

२ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत आपल्या पोरींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा घरात सगळे नाचत होते. मी मैदानावरच्या पंच एलॉइस शेरिडन आणि जॅकलिन विल्यम्स धावबादच्या वेळी कुठल्या बाजूला पळतात ते बघत होते. त्या स्पर्धेत सगळ्या पंच बायकाच होत्या.

माझा पहिला अधिकृत सामना १६ वर्षांखालच्या मुलांचा. तिसऱ्याच षटकात जोरदार अपील. "हाऊज दॅट, सर!" मग चाचरत, "...मॅडम!" एक, दोन, तीन. टप्पा लेगबाहेर. मी मान हलवली. गोलंदाज कमरेवर हात ठेवून उभा. यष्टिरक्षक पुढं आला, "मॅडम, लागला कुठं मग?"

मी चिंचोका डाव्या खिशात टाकला.

"दोन बॉल बाकी," म्हणाले.