निजानीज

परवा सकाळच्या गाडीनं मुंबईला निघालो होतो. लोणावळा यायच्या आतच मांडीवरची बॅग कढत लागायला लागली. लॅपटॉप तर घरूनच झाकण मिटून, झोपवून आत ठेवलेला. काढून पाहतो तर पंखा घोंघावतोय आणि बॅटरी निम्म्यावर. गुन्हेगार लगेच सापडला. बिनतारी माउसचा, लॅपटॉपला खोचलेला नखाएवढा रिसिव्हर. तो कॉम्प्युटरला आपली ओळख कीबोर्ड म्हणूनही करून देतो, आणि माझ्या लॅपटॉपवरच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये कीबोर्डला झोपलेल्याला उठवायची मुभा असते. गाडीच्या हादऱ्यांनी माउस हलला, रिसिव्हरनं हाक मारली आणि लॅपटॉप ताडकन उठून बसला. अंधाऱ्या बॅगेत!

ओशाळायला झालं, कारण यंत्रांना नीट झोपवणं आणि नीट उठवणं हेच माझं पोटापाण्याचं काम. मी हार्डवेअरचे ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचा एकेक भाग चालवणारे प्रोग्रॅम, लिहितो.

आजोळी रात्री निजानीज व्हायची तिला एक क्रम होता. आधी आम्ही पोरं, मग मामा-मामी, मग ओटीवर आजोबा. सगळ्यांत शेवटी आजी. कड्या पाहून, दुधावर झाकण ठेवून ती आडवी व्हायची. सकाळी बरोबर उलट : पहिली उठणार आजी, शेवटी आम्ही. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, हाच नियम आहे, आणि तिथेही नाती ‘पालक’ आणि ‘मूल’ अशीच सांगतात. टचस्क्रीन ज्या बसवर, म्हणजे माहितीची ने-आण करणाऱ्या तारांच्या वाटेवर, बसलेली असते ती बस तिची पालक. टचस्क्रीन झोपल्याशिवाय बसनं झोपायचं नाही, आणि सकाळी बस उठल्याशिवाय टचस्क्रीननं डोळे उघडायचे नाहीत.

त्याच्याही आधी चालू प्रोग्रॅम जागच्या जागी गोठवले जातात. त्यासाठी साधारणपणे 20 सेकंदांची मुदत. तेवढ्यात एखादा गोठला नाही, की बेत रद्द. पुढे एखाद्या ड्रायव्हरनं ‘मी कामात आहे, झोपणार नाही’ असं कळवलं तरी तेच. नुसतं त्याला सोडून बाकीचे झोपले असं नाही. आधी झोपलेल्या सगळ्यांना पुन्हा उठवलं जातं. एका पोरानं ‘पाणी पाहिजे’ म्हणून भोकाड पसरलं की अख्खं माजघर जागं व्हायचं, त्याची आठवण होते.

आजीचं शेवटचं काम चुलीपाशी असे. निखारे राखेखाली झाकून ठेवायचे. उजेड नाही, जाळ नाही, पण विस्तव जिवंत. पहाटे राख सारून फुंकर घातली की पेटलं. लॅपटॉपची जुनी, खरी झोप अशीच असते : प्रोसेसर बंद, पडदा बंद, फक्त मेमरीतलं विसरू नये इतकीच वीज तिला मिळत राहते. हायबरनेट म्हणजे मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवून चूल पाणी मारून विझवणं. सकाळी काडी ओढण्यापासून सुरुवात. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपांनी मात्र तिसराच प्रकार काढलाय. त्यात प्रोसेसर बंद होतच नाही, नुसता स्वस्थ पडून राहतो. आमचे बाबा टीव्हीसमोर डोळे मिटून बसतात तसा. बंद करायला जावं तर म्हणतात, ‘‘बघतोय ना मी!’’ मला हा प्रकार आवडत नाही. बॅगेतल्या जागरणाला तोच सोयीचा.

झोपवणं तरी एक वेळ जमतं. खरी पंचाईत उठताना. वीज तोडलेली चिप उठते ती सगळं विसरून. तिच्या रजिस्टरांत, म्हणजे आतल्या छोट्या कप्प्यांत, आपण काय लिहिलं होतं, कुठला वेग, कुठला मोड, काही आठवत नाही. ड्रायव्हरनं ते झोपण्याआधी टिपून ठेवायचं आणि उठल्यावर शांतपणे पुन्हा भरायचं. वर कुणाला कळताही कामा नये. वापरणाऱ्याला वाटतं, झाकण उघडलं आणि चालू झालं.

एकदा माझ्या ड्रायव्हरनं याच्या उलट केलं. झोपताना मी चिपचं क्लॉक, म्हणजे तिला चालवणारा ठोका, बंद केलं, पण तिची इंटरप्टची लाईन, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची तार, दुसऱ्या एका चिपबरोबर वाटून घेतलेली होती, हे लक्षातच घेतलं नाही. नेमकं त्या क्षणी शेजारणीकडून बोलावणं आलं, माझा कोड आपलीच चिप असेल म्हणून रजिस्टर वाचायला गेला, आणि क्लॉक नसलेल्या चिपकडून उत्तर येईना. बोर्ड ठप्प. लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत, अक्षर नाही. तेही शे-दोनशे वेळांतून एकदा! शेवटी दहा सेकंद झोप, ऊठ, पुन्हा झोप, अशी स्क्रिप्ट लावली. बोर्ड रात्रभर झोपत होतं. मी समोर टक्क जागा. सापडल्यावर दुरुस्ती एका ओळीची निघाली. क्लॉक बंद करण्याआधी त्या तारेवरच्या हाकांना ओ देणं माझ्या कोडनं थांबवायचं.

उठताना लॅपटॉप अडकला, तर शोधायला एक भन्नाट सोय आहे. लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्स यानं 2006 साली ती लिहिली. पडदा मेलेला, डिस्क मेलेली, मग खूण लिहायची कुठे? बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळात! कोणत्या उपकरणापाशी गाडी अडली याचा सांकेतिक आकडा तारीख-वेळ म्हणून घड्याळात भरायचा. घड्याळ पुढे सरकतंच, म्हणून साधारण तीन मिनिटांत मशीन पुन्हा सुरू करून तो वाचून घ्यायचा.

मागे घरच्या लॅपटॉपवर हा प्रयोग केला आणि घड्याळ सरळ करायचं विसरलो. संध्याकाळी बायको विजेचं बिल भरायला बसली, तर एकही साईट उघडेना. सगळीकडे सुरक्षिततेचा इशारा. तिनं कोपऱ्यातली तारीख पाहिली. भलतंच साल.

‘‘घड्याळ बिघडलंय का?’’

‘‘बिघडलं नाहीये. त्यात निरोप आहे.’’

‘‘बरं,’’ तिनं माझा फोन उचलला, ‘‘बिलाची मुदत मात्र आजच संपतेय.’’