माहितीपत्रक राहू दे, वेळापत्रक मागव

भाचीने परवा रंगमंचीय कलांच्या चार अभ्यासक्रमांची माहिती पाठवली आणि खाली लिहिलं, "मामा, यातला सगळ्यात चांगला कुठला?" मी नाटकांची प्रकाशयोजना करतो, त्यामुळे कलेशी दूरान्वयेही संबंध असलेला प्रश्न घरात फिरून माझ्याकडेच येतो. चारही माहितीपत्रकांत तेच शब्द होते: सर्जनशीलता, बहुआयामी, व्यावसायिक अनुभव. मी तिला कळवलं, चारही ठिकाणांहून दुसऱ्या वर्षाचं आठवड्याचं वेळापत्रक मागव.

दुसऱ्याच वर्षाचं का, तर पहिल्या वर्षी सगळीकडे सगळंच थोडं थोडं चाखायला देतात आणि शेवटचं वर्ष प्रयोगाच्या धावपळीत जातं. मधल्या वर्षात संस्थेचा खरा स्वभाव कळतो. 'नाट्यकला' या एकाच नावाखाली एकीकडे रोज सकाळी आवाज आणि शरीराचे वर्ग, दुपारपासून तालीम. दुसरीकडे आठवड्याला तीन व्याख्यानं, एक चर्चासत्र आणि बाकी वेळ ग्रंथालय. दुसरा प्रकार हलका नाही. समीक्षक, संशोधक, शिक्षक व्हायचं असेल तर मी तोच घ्यायला सांगेन. पण रंगमंचावर उभं राहायचं असेल तर रंगमंचावरचे तास मोजावेत.

युरोपात ही फारकत जुनी आहे. पॅरिसची कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे संगीतशाळा, १७९५ साली स्थापन झाली ती वादक-गायक तयार करायला; संगीताचा इतिहास आणि शास्त्र हा विद्यापीठांचा प्रांत. आता कॉन्झर्व्हेटरी पदव्या देतात आणि विद्यापीठं स्टुडिओ बांधतात, म्हणून पाटी वाचून काही कळत नाही.

संगीताचं गणित आणखी वेगळं. तिथे संस्थेपेक्षा शिक्षक निवडायचा असतो, कारण वाद्यावरचा खरा अभ्यास एकट्याने, त्या एका माणसासमोर होतो. जमलं तर अर्ज करण्याआधी त्यांच्याकडे एखादी शिकवणी घ्यावी. नृत्य निवडणाऱ्यांनी आधी वर्गातली जमीन पाहावी. खाली किंचित झुलणारी लाकडी बैठक आहे की थेट काँक्रीटवर मॅट अंथरलीय? गुडघे आणि नडग्या तीन वर्षं त्यावर आपटायच्या असतात. संचालकांच्या मनोगतात हे कधी छापून येत नाही.

शेजारी कुठले विभाग आहेत, हेही मी बघतो. जर्मनीत एसेनची फोल्कवांग शाळा १९२७ साली सुरू झाली ती संगीत, नृत्य आणि नाट्य एकत्र ठेवून. नृत्यदिग्दर्शक पिना बाउश तिथेच शिकल्या. नृत्यात नाटक आणि नाटकात नृत्य आणणारी बाई अशा जागी घडली, याचं मला नवल वाटत नाही. माझं म्हणाल तर प्रकाशाची अर्धी अक्कल मला नृत्य विभागाच्या तालमींत आली, अभ्यासक्रमात तो विषय नसताना. दिवे चालवायच्या बोर्डावर बसायला त्यांना कुणीतरी हवं होतं. नाटकात चेहरा दिसावा म्हणून समोरून दिवे टाकायची सवय. नृत्यात बाजूने प्रकाश दिला की शरीराला उठाव येतो. हे पुस्तकात होतंच, पण पटलं तिथे.

दोन विषयांची संयुक्त पदवी घेताना मात्र जपून. कागदावर झकास दिसते, प्रत्यक्षात एका विभागाची तालीम आणि दुसऱ्याचं चर्चासत्र नेमकं एकाच वेळी येतं, आणि दोन्हीकडची मंडळी तुम्हाला पाहुणा समजतात.

ऑडिशनलाही तू त्यांना पारखायला जातेस, असं भाचीला बजावलंय. दोन मिनिटांचं स्वगत ऐकून 'कळवू' म्हणतात, की तेच स्वगत वेगळ्या पद्धतीने करायला सांगून तू किती बदलतेस ते बघतात? आणि मधल्या सुट्टीत शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठ. गेल्या वर्षी किती वेळा प्रेक्षकांसमोर उभे राहिलात, आणि मोठ्या भूमिका दर वेळी त्याच चौघांना मिळतात का, एवढंच विचार. प्राध्यापक जवळ नसताना.