न बोलणाऱ्या काकांच्या नावावर अर्धी मीटिंग

आमचं काम म्हणजे मीटिंगच्या टेबलावर गोल माइक ठेवायचा, कोण कुठून बोलतंय ते शोधायचं, आवाज वेगळे करायचे आणि ज्याचं वाक्य त्याच्या नावावर टाइप करायचं. पुण्यातल्या एका क्लायंटचा फोन आला, मॅडमची वाक्यं अकाउंट्सवाल्या काकांच्या नावावर पडतायत, आणि काका तर मीटिंगभर तोंडच उघडत नाहीत! त्यात काका बसतात डावीकडे, मॅडम उभ्या उजवीकडे स्क्रीनपाशी.

खोली बघितली आणि अर्धं कोडं तिथंच सुटलं. डावी भिंत अख्खी काचेची, खाली टाइल्स, पडदा औषधालाही नाही, आणि मॅडम बोलतात ते समोरच्या काचेवर चिकटवलेल्या नोट्सकडे तोंड करून. म्हणजे माइककडे थेट येणारा आवाज तोंडाच्या बाजूने येणार, 'स', 'श', 'च' मधली धार त्यात जाणार, आणि तीच धार काचेवर आपटून ठणठणीत परत येणार. मोजायची टेप लावली, आवाजाचा थेट रस्ता सव्वादोन मीटर, काचेवरून साधारण ५.४, म्हणजे पडसाद जेमतेम ९ मिलिसेकंद मागे. माणसाला हे जाणवतच नाही, आपला मेंदू आधी पोचलेल्या आवाजाची दिशा पकडतो आणि मागचा जरा मोठा असला तरी सोडून देतो, हेल्मुट हासची १९४९ ची पीएचडी याच्यावरच आहे. आमचा प्रोग्रॅम मात्र गोल माइकच्या आतल्या दोन छोट्या माइकपर्यंत आवाज पोचण्यातला पाव मिलिसेकंदाच्या आतला फरक मोजतो आणि जाड-बारीक सगळ्या फ्रिक्वेन्सींना, ताकद कमी असली तरी, सारखंच वजन देतो, त्यामुळे जिकडून धार जास्त तिकडे बोट. काचेतल्या मॅडम नेमक्या काकांच्या खुर्चीच्या रेषेत!

खात्रीसाठी काचेवर दोन जाड ब्लँकेटं धरायला लावली, प्रोग्रॅममधली दिशेची खूण लगेच उजवीकडे सरकली. पण क्लायंटला रोज ब्लँकेट धरा कसं सांगणार, मग तिथंच बसून दिशा फक्त आवाज अचानक चढतो तेव्हाच्या पहिल्या काही मिलिसेकंदांवरून घ्यायची असं केलं. श्वास घेऊन 'टेंडर' म्हटलं की तो पहिला 'ट' म्हणजे सोनं, पडसाद अजून पोचलेलाच नसतो. लांबवलेला 'आ' काही कामाचा नाही, त्यात सगळ्या भिंती मिसळलेल्या असतात. वाक्याच्या मधला 'ट' पण बेभरवशाचा, मागच्या स्वराची शेपटी त्याच्यावर येते.

दिशा बरोबर आल्यावर मॅडम आणि मधेच बोलणारे सेल्सवाले दोघं बऱ्यापैकी सुटे झाले. एकाच रेषेत मागेपुढे बसून दोघं बोलले तर अजून खिचडीच होते. त्याला दुसऱ्या टोकाला दुसरा माइक लागेल म्हटलं, तर क्लायंट म्हणे आधी पहिल्याचं बिल पास होऊ दे.